ळ कमी पडला तेव्हा

हावगीराव मास्तरांच्या शंभरीला
उदगीरच्या नगरपालिकेच्या हॉलात
मला पहिल्या रांगेत बसवलं.
'त्यांचे मुद्रक' म्हणाले. मुद्रक कसला,
खिळे जुळवायचो, दिवसाला अडीच रुपये.

मास्तर सायकलवर यायचे, धोतराला क्लिपा,
वहीवर करडईच्या पाकळीचा पिवळट डाग.
बांधाबांधानं फिरायचे ते,
हाताला चिंध्या गुंडाळून करडई काढणाऱ्या,
काट्यांवरून गाणं ओढत नेणाऱ्या बायांच्या मागं.
सोजरबाई म्हणायची,
"काय लिवायलाव मास्तर? माझा दम?
लिवा. तेवढंच हलकं व्हईल."

तिची ओळ होती:
कणसाला आला डोळा, त्यो बघतोय वाटंकडं.
मास्तरांनी ती रात्री कंदिलाशी धुतली, विंचरली,
'त्यो बघतोय'चं 'तो पाहे' केलं.
चाल तीच ठेवली, फक्त
पेटीच्या पट्ट्यांत मावेल इतकी आवळून.
बैठकीत शिरायचं तर गाण्यालाही
पाय पुसावे लागतात, म्हणायचे.
मला ते पटायचं. दुपारनंतर पटायचं नाही.

मी चाँदपाशा. शाळा उर्दू, उजवीकडून डावीकडे.
मराठी शिकलो ती शिशाची, उलटी, आरशातली,
आधी बोटांनी, मग जिभेनं.
ळचं घर केसच्या कोपऱ्यात, चिमूटभर खिळ्यांचं.
कुणाला ठाऊक होतं, या बाया
माळ, मोळी, काळी, तळहात, सासूचं कपाळ
सगळा भार त्याच एका अक्षरावर टाकतात?
सोळाव्या पानावर ळ संपला.
मालक ओरडला, फॉर्म चढव.
मी ल लावला.
डोळा होता, डोला झाला.

तुटवडा होता, हे खरं.
आमच्या घरच्या बोलीत ळ नाहीच,
हेही खरं.
आणि प्रूफ वाचताना मला काही खटकलं नाही,
हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

मास्तर दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी माळेगावच्या जत्रेत
आठ आण्याला एक, चारशे प्रती गेल्या.
मग परभणी केंद्रावरून, मग लग्नाच्या बँडवर,
मग कॅसेट, मग निवडणुकीच्या जीपवर
नांदेडपासून नळदुर्गापर्यंत
कणसाला आला डोला.
मास्तरांचं नाव पहिल्या दोन थांब्यांतच उतरलं.
'कुणाचं हो हे गाणं?'
'कुणाचं म्हणजे? आपलंच की.'
हे ऐकून मास्तर एकदा हॉटेलात इतके हसले
की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला.
मग बराच वेळ सदराच पुसत बसले.

हॉलात लातूरचे एक प्राध्यापक
वीस मिनिटं 'डोला'वर बोलले.
जो डोलतो त्यालाच वाट दिसते, म्हणाले,
भान हरपल्याशिवाय नजर येत नाही.
टाळ्या पडल्या.
मी शेजारच्याकडं पाणी मागितलं.

एक सांगायचं राहिलं.
पुस्तक बांधून झालं त्या आठवड्यात
मास्तर मला कॅरियरवर बसवून
सोजरबाईच्या वस्तीवर घेऊन गेले.
माफी मागायची होती,
कुणी कुणाची, ते वाटेत ठरलं नाही.
त्यांनी वाचून दाखवलं.
खुरपं बाजूला ठेवून ती ऐकत राहिली.
"डोला? आसं म्हनले व्हते व्हय मी?"
आम्ही दोघं जमिनीकडं बघत.
तिनं शब्द तोंडात घोळवला,
फुटाणा घोळवावा तसा,
मान थोडी हलली.
"बरं म्हनले की."

हॉलात शेवटी सगळे उभं राहून गायले.
मी ठरवलं होतं, आज आपण तरी खरं म्हणायचं.
ओळ जवळ आली. जीभ मागं वळवली,
टाळूला लावली,
आणि तोंडून जे आलं
ते सगळ्यांच्याच सुरात आलं.